ग्रामीण कृषी जत्रा आणि सुधारणा निधीचा प्रश्न (बेळगाव सीमाभाग)

ग्रामदैवताच्या यात्रेला जोडून भरणारा जनावरांचा बाजार, शेतीची अवजारे, दोरखंड, घुंगुरमाळा व बियाण्यांची दुकाने, खिलार जनावरांचे प्रदर्शन आणि शेवटच्या दिवशीचे कुस्तीचे मैदान, या सगळ्याला मिळून बेळगाव जिल्ह्यात व लगतच्या सीमाभागात नुसते ‘जत्रा’ म्हणतात. रायबाग तालुक्यातील चिंचलीची मायाक्का, सौंदत्तीची यल्लम्मा, अथणी तालुक्यातील कोकटनूरची यल्लम्मा आणि निपाणी तालुक्यातील कुर्ली-आप्पाचीवाडीचा हालसिद्धनाथ या मोठ्या यात्रा. त्यांच्याभोवती निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, बेळगाव या तालुक्यांतल्या गावोगावच्या लहान जत्रा आहेत. पाण्याचा हौद, सावली, दिवे, शौचालये, गुरांच्या डॉक्टरांसाठी खोली, जनावर गाडीत चढवण्याचा धक्का अशा साध्या सुधारणांसाठी या जत्रांना पैसा का मिळत नाही, हा या नोंदीचा विषय आहे.

तळावरची स्थिती

जत्रेचा तळ म्हणजे एरवीचे गायरान, देवस्थानची इनाम जमीन किंवा सुगी आटोपून रिकामे झालेले कुणाचे तरी शेत. माघ ते चैत्र हे दिवस उन्हाचे. दावणीला बांधलेल्या बैलजोडीला दिवसातून दोन-तीनदा पाणी दाखवावे लागते आणि तळावर हौद नसेल तर टँकर आणावा लागतो. यात्रा कमिटीच्या वहीत खर्चाच्या बाजूला मंडपाच्या बरोबरीने टँकरचा आकडा असतो, तो त्यामुळेच.

सौदा ठरलेला खोंड टेम्पोत चढवताना एकदा जवळून पाहावे. उपरण्याखाली बोटे दाबून दर ठरलेला असतो, इसार हातात पडलेला असतो, दात मोजून झालेले असतात. ड्रायव्हर गाडी मागे घेत शेताच्या बांधाला भिडवतो आणि फाळका पाडतो. दोघे पुढून कासरा ओढतात, तिसरा मागून शेपूट पिळतो. खोंड बिचकतो, त्याचा पुढचा पाय बांध आणि फाळका यांच्यामधल्या फटीत जातो. वर्षभर पोटच्या पोरासारखे सांभाळलेले जनावर विकणारा शेतकरी तिथेच उभा असतो. जनावरांच्या वाहतुकीच्या 1978च्या नियमांनुसार एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गाई-बैल नेता येत नाहीत आणि पशुवैद्याचा दाखलाही लागतो. पण गाडीच्या उंचीचा एक दगडी धक्का बांधला, तर ही रोजची इजा टळेल. थोडे दगड आणि गवंड्याचे काही दिवसांचे काम, एवढीच त्याची मजल. तरीही तो बांधला जात नाही, कारण त्याचा खर्च कुठल्या खात्यात धरायचा हे ठरत नाही.

निधी अडतो कुठे

जत्रा देवाची आहे, बाजाराची आहे आणि शेतीचीही आहे. सरकारी पैसा मात्र यांपैकी एकाच नावाने येतो. खासदार निधी वर्षाला 5 कोटींचा, पण तो टिकाऊ सार्वजनिक कामांसाठी असतो आणि धार्मिक स्थळाच्या आवारात किंवा धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जमिनीवर खर्च करता येत नाही. जत्रेचा तळ देवस्थानच्या उताऱ्यावर असला की प्रस्ताव तिथेच थांबतो. तळ खाजगी शेतात असेल तर पक्के बांधकाम करण्याचा प्रश्नच येत नाही. उरते गायरान, आणि त्यावर शाळा, पाण्याची टाकी, घरकुले यांचा हक्क आधी लागतो. तो लागावा हेही रास्तच आहे.

पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या रकमेतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला होता. उरलेल्या 40 टक्क्यांत गटारी, रस्ते, दिवाबत्ती या बारमाही गरजा. पाच दिवसांच्या जत्रेची पाळी त्यातून येणे कठीण. 2018-19च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 22,000 ग्रामीण बाजार सुधारण्याची आणि त्यासाठी 2,000 कोटींच्या निधीची घोषणा झाली. ती योजना आठवडी बाजारांच्या मापाने शिवलेली होती; वर्षातून एकदा भरणारा बाजार तिच्यात बसवायचा तर त्याच जागी आठवडी बाजारही भरत असल्याचे दाखवावे लागते. शेती खात्याचा प्रदर्शनांवरचा खर्च ‘आत्मा’ या कृषी विस्ताराच्या योजनेतून होतो आणि मोठे प्रदर्शन म्हणजे धारवाड कृषी विद्यापीठाचा कृषी मेळा. तिथे नवे वाण, नवी यंत्रे, शास्त्रज्ञांशी बोलणे, सगळे चांगले असते. चिंचलीच्या वाटेवर बैलगाडीतून आलेला धनगर किंवा रयत मात्र तिथे सहसा पोहोचत नाही.

देवस्थान खात्याचा मार्ग मोठ्या क्षेत्रांना खुला आहे. कर्नाटकच्या 1997च्या धर्मादाय कायद्याखाली देवळांची वर्गवारी वार्षिक उत्पन्नावरून होते, आणि 25 लाखांहून जास्त उत्पन्नाची देवळे ‘अ’ वर्गात येतात. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरासाठी 2024 मध्ये केंद्राच्या पर्यटनविषयक योजनेतून सुमारे 100 कोटी मंजूर झाले. ती रक्कम भाविकांच्या सोयीसाठी आहे आणि गरजेचीही आहे. पण जिथे देवळाचे उत्पन्न दानपेटीपुरते आणि बाजार मात्र चांगला, अशा जत्रेला या वाटेने काही मिळत नाही.

काळवेळ

जत्रा तिथीवर चालते आणि खजिना 31 मार्चवर. माघ-फाल्गुनातल्या जत्रेचे काम वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत मंजूर होते, निविदा निघेपर्यंत पालखी परत फिरलेली असते, आणि मार्च उलटला की रक्कम परत जाते. चैत्रातल्या जत्रांची गोष्ट आणखी वाईट. 2023 मध्ये विधानसभेचे मतदान 10 मे रोजी झाले, 2024 मध्ये बेळगाव व चिकोडी मतदारसंघांत लोकसभेचे मतदान 7 मे रोजी. दोन्ही वर्षी आचारसंहिता मार्चमध्येच लागू झाली आणि चैत्रातली नवी कामे ठप्प झाली.

त्यात पाठपुरावा करणारा माणूसही हरवला. कर्नाटकात जिल्हा व तालुका पंचायतींच्या निवडणुका 2016 मध्ये झाल्या. 2021 मध्ये मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षे त्या झाल्याच नाहीत. गावचा प्रस्ताव जिल्ह्याच्या आराखड्यात सरकवणारा सदस्य त्या काळात नव्हता. यात्रा कमिटीला थेट आमदाराकडे जावे लागले. तिथे कर्नाटकातल्या प्रत्येक आमदाराच्या वर्षाच्या 2 कोटींसाठी सगळा मतदारसंघ रांगेत असतो. माझ्या मते निधीच्या कमतरतेपेक्षाही ही मधली पायरी नाहीशी होणे जत्रांना जास्त महागात पडले.

सीमेचा भाग

चिंचलीला आणि सौंदत्तीला कोल्हापूर, सांगली, सातारा भागांतून भाविक पिढ्यान्‌पिढ्या येतात. निधीचा हिशेब मात्र राज्याच्या हद्दीवर संपतो. महाराष्ट्रात ‘ब’ वर्ग तीर्थक्षेत्र म्हणून ग्रामीण यात्रास्थळांना पैसा मिळण्याची सोय आहे. त्याच यात्रेकरूंचा तळ हद्दीच्या दक्षिणेला पडला की ती सोय लागू होत नाही. महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या 865 गावांतल्या जत्रा दोन राज्यांच्या भाषणांत असतात, पण प्रस्ताव कर्नाटकच्याच कार्यालयात द्यावा लागतो आणि तो कन्नडमध्ये लिहावा लागतो. मराठी गावातल्या यात्रा कमिटीचे ठराव, हिशेबाच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या सगळे मराठीत. ते कन्नडमध्ये उतरवून देणारा जाणता तरुण गावात असेल तर काम होते, नसेल तर फाईल ‘त्रुटी’ म्हणून परत येते.

हद्दीची धास्ती नियमांतूनही आली. केंद्राच्या 2017च्या पशुबाजार नियमांत राज्याच्या सीमेपासून 25 किलोमीटरच्या आत जनावरांचा बाजार भरू नये अशी तरतूद होती. निपाणी, कागवाडचा सारा पट्टा त्यात येत होता. 11 जुलै 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या नियमांवरची स्थगिती देशभर लागू केली. पण जो बाजार उद्या भरेल की नाही याची खात्री नाही, त्यावर हौद कोण बांधणार? नंतर 2020-21 मध्ये करोना आणि राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावरची तपासणी, 2022 मध्ये लंपीमुळे जनावरांच्या बाजारांवर बंदी, शिवाय 2021पासून अमलात आलेला कर्नाटकचा गोहत्या प्रतिबंधक कायदा. कागद नसेल तर वाटेत अडवतील या भीतीने पलीकडचे व्यापारी कमी झाले.

उत्पन्न आणि वर्गणी

1993च्या पंचायतराज कायद्याने ग्रामपंचायतीला बाजारातली दुकाने व जनावरे यांच्यावर फी घेता येते. वसुलीचा ठेका लिलावाने दिला जातो. ती रक्कम पंचायतीच्या खात्यात मिसळून जाते. तळासाठी ती वेगळी ठेवण्याची पद्धत क्वचितच दिसते. ट्रॅक्टर आल्यावर दावणीच घटल्या, तशी ही फीही घटली. कृष्णाकाठची ‘कृष्णा खोरे’ ही देशी जात तर आता शोधावी लागते. त्यामुळे भार पुन्हा वर्गणीवर येतो. घरटी पट्टी, साखर कारखाना आणि पतसंस्थेची देणगी, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्यांचे पाकीट. देणगीदाराला कुस्तीच्या इनामावर किंवा कमानीवर नाव हवे असते. हौदाला देणगी मागायला गेलेल्या कमिटीला बहुधा कमानीचेच पैसे मिळतात.

काही गावांनी वाट काढली आहे ती जागेचा वापर बारमाही करून. आठवडी बाजाराचे कट्टे, दूध संकलनाची खोली आणि गुरांचा हौद एकाच गायरानावर मांडले, की प्रस्ताव ‘गावबाजार’ म्हणून जातो, आणि जत्रेच्या पाच दिवसांत त्याच कट्ट्यांवर अवजारांची दुकाने लागतात, त्याच खोलीत पशुवैद्य बसतात. यासाठी जमिनीचा उतारा पंचायतीच्या नावाचा लागतो. तो करून घेण्याचे काम जत्रा उठल्यावर, श्रावणात सुरू करावे लागते.