तीन क्लिकचा नियम खरा नाही

नागपुरात दुकानाची वेबसाइट करायला घेतली की कुणीतरी हमखास सांगतं: हवं ते तीन क्लिकमध्ये सापडलं नाही तर गिऱ्हाईक निघून जातं. हे तपासून झालेलं आहे. 2003 मध्ये लोक वेबसाइट कशी वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जोशुआ पोर्टर यांनी वापरणाऱ्यांचे 8,000 हून अधिक क्लिक पाहिले. तिसऱ्या क्लिकनंतर लोक साइट सोडतात, असं दिसलं नाही. क्लिक वाढले म्हणून नाराजी वाढल्याचंही आढळलं नाही.

या नियमापायी नुकसान मात्र खरंच होतं. इतवारीतल्या साडीच्या दुकानाचंच घ्या. सगळं हाताशी हवं म्हणून पहिल्याच पानावर पैठणी, करवतकाठी, इरकल, सेल, संपर्क अशी बटणांची दाटी होते आणि मोबाइलवर बोट भलतीकडेच पडतं. त्यापेक्षा आधी साड्या, मग करवतकाठी, मग रंग, मग किंमत, अशा चार पायऱ्या झाल्या तरी बिघडत नाही. आपण बरोबर चाललोय हे प्रत्येक पायरीवर कळलं पाहिजे. ‘आमची खासियत’ या मोघम बटणापाशी माणूस अडतो, ‘करवतकाठी साड्या’ तो बिनधास्त दाबतो. म्हणून क्लिक मोजत बसू नका. बटणांवरची नावं नेहमीच्या एखाद्या गिऱ्हाइकाला दाखवा आणि दाबल्यावर काय उघडेल असं वाटतं, ते त्यालाच विचारा.