हरणाच्या मानेवरची न दिसणारी शिवण

टॅक्सिडर्मी केलेलं, म्हणजे मेलेल्या जनावराचं कातडं टिकवून जिवंतासारखं घडवलेलं हरणाचं डोकं भिंतीवर असतं, मान आणि खांद्यांसकट. समोरून पाहताना डोळे दिसतात, ओलसर भासणारं नाक दिसतं. हे कातडं कुणीतरी कापून काढलं होतं आणि परत शिवलं, हे मनातही येत नाही. पण मानेच्या मागे, कण्याच्या रेषेवर हलकी फुंकर मारा. केस दुभंगतात आणि त्यांच्या बुडाशी दोऱ्याची नागमोडी वाट दिसते. ती मानेवरून वर चढते आणि माथ्यावर दोन फाटे फुटून एकेका शिंगाच्या बुडाशी पोचते.

'पेंढा भरलेलं हरीण' हा शब्दप्रयोग आपल्या तोंडात बसला आहे, पण आता आत पेंढा नसतो. पॉलियुरेथेन फोमचा घडीव साचा असतो आणि कमावलेलं कातडं त्याच्यावर अंगरख्यासारखं चढवतात. मग मागची उघडी बाजू शिवावी लागते. ही शिवण लपेल की उठून दिसेल, याचा निम्मा निकाल सुई हातात येण्याआधीच लागलेला असतो, आणि तो सुरीने लावलेला असतो.

केस कातडीतून सरळ उभे निघत नाहीत. ते तिरपे, शेपटीच्या दिशेने झुकलेले असतात आणि कौलांसारखे एकावर एक पडतात. सुरी वरून चालवली तर कातडीबरोबर केसही कापले जातात. म्हणून जाणता कारागीर पातं कातडीखाली सरकवतो, धार वर ठेवतो आणि आतून बाहेर कापत जातो. कातडी दुभंगते, केस आपोआप दोन्हीकडे सरतात. कापलेला केस परत वाढणार नाही, कारण त्याचं मूळ केव्हाच मेलेलं आहे. शिवाय कित्येक हरणांच्या एकाच केसावर रंगांचे पट्टे असतात: बुडाशी फिकट, टोकाजवळ पिवळसर, टोक काळपट. टोक गेलं की खालचा फिकट रंग उघडा पडतो आणि मानेवर भांग पाडल्यासारखी रेघ उमटते.

हरणाच्या हिवाळी केसाची रचना मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते. हा केस आतून जवळजवळ पोकळ असतो, हवेने भरलेल्या बारीक कप्प्यांनी बनलेला. थंडीत ही हवा जनावराची ऊब राखते. पण अशा केसावर दोरा आवळला की तो दबतो आणि ताडकन उभा फिसकारतो. मासेमारीसाठी नकली किडे बांधणारे याच गुणाचा मुद्दाम उपयोग करून घेतात. शिवणीत मात्र तो घात करतो. टाक्यात चार केस अडकले तरी तिथे झुबका उभा राहतो आणि नजर नेमकी तिथेच जाते.

म्हणूनच बेसबॉलच्या चेंडूवर असतो तसा टाका इथे वापरतात. तीन धारांची सुई दर वेळी आतल्या बाजूने घालून केसांकडे बाहेर काढायची, मग फटीतून खाली नेऊन समोरच्या काठाला तसंच. बाहेरून आत टोचलं तर सुई केसांना ओढून आत नेते. आतून बाहेर येताना तसं होत नाही. दोरा ओढला की दोन्ही काठ एकमेकांवर न चढता समोरासमोर भिडतात. तरीही दर दोन-चार टाक्यांनी सुईच्या टोकाने अडकलेले केस सोडवत जावं लागतं. सुरुवातीला जागोजागी कच्चे टाके घालून दोन्ही बाजू जुळवून घेतलेल्या बऱ्या, नाहीतर ओलं कातडं एका बाजूला जास्त ताणलं जातं आणि शेवटी चुणी उरते.

हिवाळी केसांची दाट चादर बऱ्याच चुका पोटात घालते. उन्हाळी अंगावर ती सोय नाही, तेव्हाचे केस आखूड आणि पातळ असतात. कार्ल आणि डेलिया एकली या टॅक्सिडर्मी करणाऱ्या दांपत्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे चार ऋतूंतले देखावे घडवले, ते 1902 मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आले. चार ऋतू म्हणजे केसांच्या वेगवेगळ्या तऱ्हा. त्यातली उन्हाळी हरणं पाहताना मला त्या हातांविषयी फार आदर वाटतो.

शिवून झालं तरी खरी परीक्षा पुढेच असते. कातडं हे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. कमावल्याने ते कुजत नाही, पण साच्यावर चढवताना ओलंच असतं. पाणी उडून जातं तसे तंतू जवळ येतात आणि कातडं आकसतं. बाकीचं अंग गोंदाने साच्याला धरलेलं असल्यामुळे हा ताण सर्वांत कमजोर जागी, म्हणजे शिवणीवर येतो. मानेची जाड कातडी आतून तासून पातळ केलेली नसेल, साचा जरासा मोठा असेल किंवा टाके विरळ असतील, तर काही दिवसांत काठ फाकतात. शिंगांच्या बुडाशी हा धोका जास्त, कारण तिथे कातडं कडक हाडाभोवती आवळून बसवलेलं असतं.

म्हणून वाळण्याच्या काळात हरणाला एकटं सोडत नाहीत. गोंद ओला असतानाच शिवण बोटांनी दाबून सपाट करतात, केस ब्रशने त्यांच्या मूळ दिशेने बसवतात आणि काठ टाचण्यांनी धरून ठेवतात. रोज येऊन पाहतात. एवढं करूनही एखादी फट राहिलीच तर तिच्यात इपॉक्सी पुट्टी भरतात, आणि ती मऊ आहे तोवर कातड्याच्या उरलेल्या तुकड्यावरचे केस चिमटीने, बुडाकडून, तिरपे, शेजारच्या केसांच्या झुकावाने एकेक करून रोवत जातात.