बैठकीत न निघालेला मुद्दा

चार डोकी एकत्र आली की चौघांकडची माहितीही एकत्र येते, असं आपण गृहीत धरतो. स्टॅसर आणि टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली हेच तपासून पाहिलं. चार विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाला तीन काल्पनिक उमेदवारांमधून एक प्रतिनिधी निवडायचा होता. सगळी माहिती पाहता त्यातला एक उमेदवार उघडच सरस होता, पण त्याच्या जमेच्या बाजू चौघांना दिलेल्या माहितीच्या कागदांवर थोड्या थोड्या विभागल्या होत्या. उणिवा मात्र सगळ्यांच्या कागदावर होत्या. चौघांनी आपापल्याकडचं सांगितलं असतं तर चित्र लगेच स्पष्ट झालं असतं. तरीही चर्चा होऊनसुद्धा बहुतेक गटांनी त्याला निवडलं नाही. ज्या गटांत प्रत्येकाला सगळी माहिती आधीच दिली होती, त्यांनी बहुतांशी त्यालाच निवडलं.

पुढे अशा ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ साली घेतला गेला. माहिती अशी विखुरलेली असेल, तर सगळी माहिती सगळ्यांकडे असलेल्या गटांच्या तुलनेत गट योग्य निर्णयापर्यंत पोहोचण्याची शक्यता आठ पटींनी कमी होते, असं त्यात दिसलं.

असं का व्हावं? जी गोष्ट चौघांना ठाऊक आहे ती चौघांपैकी कुणीही काढू शकतो; जी एकालाच ठाऊक आहे ती त्यानेच काढावी लागते. शिवाय सगळ्यांना माहीत असलेला मुद्दा मांडला की बाकीचे लगेच माना डोलावतात आणि बोलणारा जाणकार वाटू लागतो. एकट्याकडच्या माहितीला दुजोरा द्यायला कुणीच नसतं. त्यात प्रत्येक जण मनाशी काहीतरी ठरवूनच आलेला असतो आणि त्याला पूरक तेवढंच पुढे करतो. मला यातली सगळ्यात काळजीची गोष्ट ही वाटते की, इथे कुणी खोटं बोलत नाही, कुणी कुणावर दबावही आणत नाही.

दबाव असला की परिस्थिती आणखी बिघडते. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी चॅलेंजर यानाच्या उड्डाणाआधी नासा आणि यानाचे अग्निबाण बनवणारी मॉर्टन थायोकोल कंपनी यांच्यात दूरध्वनीवर बैठक झाली. अग्निबाणाच्या सांध्यांमधली रबरी कडी थंडीत कडक होते आणि सांधा नीट बंद होत नाही, ही थायोकोलच्या अभियंत्यांची भीती होती. तापमान सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर उड्डाण नको, अशी कंपनीची शिफारस होती. नासाच्या अधिकाऱ्यांना ती पटली नाही. कंपनीने थोडा वेळ मागून आपसांत चर्चा केली. रॉजर बॉइजोली आणि आर्नी थॉम्पसन हे अभियंते पोटतिडकीने विरोध करत राहिले. तेव्हा अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षांना वरिष्ठांनी सांगितलं, आता अभियंत्याची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची घाला. शेवटी चार व्यवस्थापकांनीच निर्णय घेतला, अभियंत्यांचं मत विचारलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

म्हणून मतभेद हवेत, हे खरं. पण नुसता वाद वाढवून भागत नाही. कामाबद्दलचा वाद आणि माणसांमधला वाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संशोधक कॅरन जेन यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं. अडचण अशी की पहिला वाद सहज दुसऱ्यात शिरतो. ‘तुमचा हिशेब चुकतोय’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानात ‘तुम्हाला कळत नाही’ असं उमटतं आणि गाडी मुद्द्यावरून गुद्द्यावर येते. नंतरच्या अभ्यासांतही हेच आढळलं: जिथे हे दोन वाद एकमेकांत मिसळत नाहीत, तिथेच कामाबद्दलच्या वादाचा फायदा होण्याची शक्यता अधिक असते.

मग कुणाला तरी मुद्दाम विरोधकाची भूमिका द्यावी का? मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांत अशा नेमलेल्या विरोधकाचा परिणाम फिका पडला. मनापासून विरोध करणारा माणूस इतरांना नव्याने विचार करायला लावत होता.

त्यापेक्षा बैठकीची रीत बदलणं सोपं आहे. चर्चेआधी प्रत्येकाने आपलं मत आणि त्यामागची कारणं कागदावर लिहावीत. सर्वांत वरिष्ठ व्यक्तीने सर्वांत शेवटी बोलावं. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्धाची भीती निर्माण झाली, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी सल्लागारांच्या काही बैठकांना मुद्दामच गेले नाहीत. सल्लागारांनी दोन गट केले, प्रत्येक गटाने आपला प्रस्ताव लिहून काढला, मग कागदांची अदलाबदल करून एकमेकांच्या प्रस्तावातल्या त्रुटी शोधल्या.