विद्यापीठ प्रवेशासाठी इंग्रजी लिसनिंग आणि रीडिंगची परीक्षा: पात्रता, कागदपत्रं, अर्ज आणि गुणांचा हिशोब

विद्यापीठाच्या प्रवेशाच्या अटींमध्ये बहुतेक वेळा असं वाक्य असतं: आयल्ट्समध्ये एकूण 6.5 बँड, कोणत्याही विभागात 6.0 पेक्षा कमी नको. आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा, आणि बँड म्हणजे तिचे गुण. वाचणाऱ्याच्या डोक्यात 6.5 राहतो आणि स्वल्पविरामानंतरचा भाग निसटतो. मग निकालात एकूण 6.5 येतो, रीडिंगला 5.5 असतो आणि प्रवेश अडतो. मी अर्जांमध्ये मदत करते तेव्हा सगळ्यात आधी हाच दुसरा आकडा कागदावर लिहायला सांगते. परीक्षा कोणती द्यायची, तारीख कोणती घ्यायची, तयारी कशाची करायची, हे सगळं त्या आकड्यावर ठरतं.

परीक्षेच्या लिसनिंग, रीडिंग, लेखन आणि बोलणं या चार विभागांपैकी पहिल्या दोन विभागांबद्दल मी इथे जास्त लिहिणार आहे, कारण यांचे गुण सगळ्यात जास्त आपल्या हातात असतात. उत्तर बरोबर असतं किंवा चूक, तपासणाऱ्याच्या मताला जागा नसते. तरीही इथे गुण जातात ते बरेचदा इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे, तर सूचना नीट वाचली नाही म्हणून.

आधी परीक्षा ठरवा

जगभर चालणाऱ्या चार मुख्य परीक्षा आहेत. आयल्ट्स 1989 पासून सुरू आहे. ती ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तीन संस्था मिळून चालवतात आणि तिचे गुण 0 ते 9 बँडमध्ये मिळतात. टोफेल ही ईटीएस या अमेरिकी संस्थेची परीक्षा. पीटीई अ‍ॅकॅडेमिक पिअर्सन या कंपनीची, गुण 10 ते 90. ड्युओलिंगोची इंग्रजी परीक्षा घरी बसून देता येते आणि तिचे गुण 10 ते 160 असतात. तुम्ही अर्ज करणार ते प्रत्येक विद्यापीठ या चारही मानेलच असं नाही. मैत्रिणीच्या विद्यापीठाने घेतली म्हणून तुमचं घेईल, असं गृहीत धरू नका. एकाच विद्यापीठात नर्सिंग, कायदा किंवा शिक्षणशास्त्र यांची अट इतर विभागांपेक्षा वरची असू शकते, म्हणून तुमच्या अभ्यासक्रमाचंच पान उघडा.

आयल्ट्सचे दोन प्रकार आहेत: अ‍ॅकॅडेमिक आणि जनरल ट्रेनिंग. पदवी आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी अ‍ॅकॅडेमिक लागते. दोन्हींचं लिसनिंग सारखंच असतं, रीडिंग वेगळं. नोंदणी करताना चुकीचा प्रकार निवडला तर चांगला बँडही प्रवेशाच्या कामाचा नाही.

व्हिसाची अट ही आणखी वेगळी गोष्ट. ब्रिटनचं उदाहरण घ्या. पदवी स्तराच्या अभ्यासासाठी विद्यार्थी व्हिसाला बी2 (युरोपीय भाषापट्टीवरची मध्यमच्या वरची पायरी) पातळीचं इंग्रजी लागतं, पण ते आहे की नाही हे मान्यताप्राप्त विद्यापीठ स्वतः ठरवू शकतं. पदवीच्या खालच्या अभ्यासक्रमाला किंवा पायाभूत वर्षाला मात्र सरकारने मान्य केलेलीच परीक्षा लागते, आयल्ट्समध्ये ती 'यूकेव्हीआयसाठी' (यूकेव्हीआय म्हणजे ब्रिटनचं व्हिसा खातं) अशा नावाने वेगळी बुक करावी लागते. प्रश्न तेच, पण प्रमाणपत्र वेगळं. नोंदणीच्या आधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करून हे विचारून घ्या आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

पात्रता

पात्रतेची अट जवळजवळ नाहीच. शिक्षण किती झालं, कोणत्या माध्यमात झालं, कोणत्या देशात राहता, यातलं काहीही आड येत नाही. आयल्ट्ससाठी 16 वर्षं पूर्ण असावीत अशी शिफारस आहे. कितीही वेळा बसता येतं.

परीक्षेतून सूट मिळू शकते का? शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं असेल तर काही विद्यापीठं तुमच्या आधीच्या संस्थेचं माध्यमाचं पत्र स्वीकारतात. ती सूट द्यायची की नाही हे विद्यापीठ ठरवतं, परीक्षा घेणारी संस्था नव्हे. लेखी होकार येईपर्यंत परीक्षेची तयारी थांबवू नका.

ज्यांना कमी ऐकू येतं, कमी दिसतं, हात लिहिताना त्रास देतो किंवा वाचनाची अडचण आहे, त्यांच्यासाठी जास्त वेळ, मोठा किंवा ब्रेल मजकूर, ओठ वाचता येतील असं लिसनिंग अशा सोयी आहेत. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून खूप आधी अर्ज करावा लागतो, कारण वेगळी प्रश्नपत्रिका तयार करायला काही महिनेही लागू शकतात. परीक्षेच्या दिवशी मागून ही सोय मिळत नाही. हे माहीत नसल्यामुळे हक्काची मदत न घेता परीक्षा देणारी मुलं पाहिली की मला वाईट वाटतं.

कागदपत्रं

खरं तर एकच मोठं कागदपत्र आहे: ओळखपत्र, आणि परदेशी प्रवेशासाठी ते म्हणजे पासपोर्ट. अडचणी याच एका कागदावर होतात, म्हणून इथे जरा थांबू.

नोंदणीत ज्या पासपोर्टचा क्रमांक दिला तोच मूळ पासपोर्ट परीक्षेला न्यायचा. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. पासपोर्ट परीक्षेच्या दिवशी वैध असला पाहिजे. नोंदणीनंतर नूतनीकरण करून नवा क्रमांक आला असेल तर केंद्राला आधी कळवून नोंद बदलून घ्या.

नाव अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे लिहा. आडनाव आडनावाच्या रकान्यात, स्वतःचं आणि वडिलांचं नाव पासपोर्टवर जिथे छापलं आहे तिथेच. लग्नानंतर नाव बदललं पण पासपोर्ट जुना असेल तर परीक्षा जुन्या नावानेच द्या. पासपोर्टवर एकच नाव असेल तर दुसऱ्या रकान्याचं काय करायचं, हे केंद्राला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. विद्यापीठ तुमचे गुण ऑनलाइन पडताळतं, तेव्हा नाव आणि जन्मतारीख जुळावी लागते.

याशिवाय अर्जाला ईमेल, फोन, पत्ता आणि शुल्क लागतं. 18 वर्षांखालच्यांना पालकांची संमती. शाळेचा दाखला, गुणपत्रिका यांची परीक्षेला गरज नाही, त्या विद्यापीठाच्या अर्जाला लागतात.

नोंदणी

संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर खातं उघडायचं, परीक्षेचा प्रकार, शहर, तारीख आणि स्लॉट निवडायचा, पासपोर्टची माहिती भरायची, शुल्क भरायचं. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. भरण्याआधी रद्द करण्याचे आणि तारीख बदलण्याचे नियम वाचा, कारण ठरावीक मुदतीनंतर पैसे परत मिळत नाहीत. आजारपणात सवलत मिळते, पण डॉक्टरांचं पत्र मुदतीत पोचावं लागतं.

तारीख उलट मोजून ठरवा. प्रवेशाची शेवटची तारीख, त्याआधी निकाल पोचायचा वेळ, आणि त्याआधी गरज पडली तर दुसऱ्यांदा बसायला किमान दीड-दोन महिने. पहिल्याच प्रयत्नावर सगळं टांगून ठेवलं की लिसनिंगच्या चाळीस प्रश्नांपेक्षा मनावरचं ओझंच जड होतं.

लिसनिंगमध्ये काय असतं

आयल्ट्सच्या लिसनिंगचे चार भाग, 40 प्रश्न, साधारण 30 मिनिटं. पहिल्या भागात रोजच्या व्यवहारातलं दोघांचं संभाषण, दुसऱ्यात एकाच माणसाचं निवेदन, तिसऱ्यात विद्यार्थी आणि शिक्षकांची चर्चा, चौथ्यात व्याख्यान. भाग पुढे जाईल तसं अवघड होतं. ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन असे वेगवेगळे उच्चार कानावर पडतात, म्हणून एकाच देशाच्या बातम्या ऐकून भागत नाही.

प्रश्न आधी दिसतात आणि उत्तरं त्याच क्रमाने येतात. म्हणजे एखादं उत्तर हुकलं तर ते सोडून लगेच पुढच्या प्रश्नावर कान लावायचा. मागच्या उत्तराला चिकटून बसलं की पाठोपाठ तीन जातात. बोलणारा आधी मंगळवार म्हणतो आणि मग 'नको, गुरुवारच ठेवू' म्हणतो. पहिला शब्द ऐकून लिहिणारे इथे फसतात. थर्टीन आणि थर्टी यांतला फरक शेवटच्या आघातावर असतो. नाव अक्षरं सांगून लिहायला लावतात तेव्हा आपल्याकडून जी-जे आणि ए-ई-आय यांची अदलाबदल होते. घरी कोणाला तरी नावं इंग्रजी अक्षरांनी सांगायला लावून लिहून पाहा. हा सराव पुस्तकात सापडत नाही, पण पहिल्या भागातले गुण पक्के करतो.

'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' अशी सूचना असेल आणि तुम्ही तीन शब्द लिहिले, तर उत्तर ऐकलं बरोबर असूनही शून्य. स्पेलिंग चुकलं तरी शून्य. अनेकवचनाचा एस राहिला तरी शून्य. स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन, याने फरक पडत नाही, दोन्ही चालतात. जिथे परीक्षा कागदावर होते तिथे उत्तरं उतरवायला शेवटी 10 मिनिटं मिळतात. संगणकावर फक्त 2 मिनिटं तपासायला मिळतात, म्हणून तिथे ऐकता ऐकताच टाइप करायची सवय हवी.

टोफेलमध्ये संभाषण किंवा व्याख्यान आधी ऐकवतात आणि प्रश्न नंतर दाखवतात. तिथे टिपणं काढण्याची कला उपयोगी पडते. 21 जानेवारी 2026 पासून टोफेलचं स्वरूप बदललं आहे: लिसनिंग आणि रीडिंग तुमच्या आधीच्या उत्तरांनुसार पुढे सोपं किंवा अवघड होतं आणि गुण 1 ते 6 या पट्टीवर मिळतात. 120 पैकी गुण सांगणारी जुनी तयारीची पुस्तकं हाताशी असतील तर प्रश्नांचे प्रकार आधी ताडून घ्या. पीटीईमध्ये काही वेळा एकच प्रश्न दोन कौशल्यांचे गुण देतो. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं असतं, त्याचे गुण लिसनिंगलाही मिळतात आणि लेखनालाही.

रीडिंग

आयल्ट्स अ‍ॅकॅडेमिकमध्ये तीन उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं. तिन्ही उतारे मिळून 2,150 ते 2,750 शब्द. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही. विषय विज्ञान, इतिहास, प्राणी, शहरं असे काहीही, पण मजकूर त्या विषयातल्या तज्ज्ञासाठी लिहिलेला नसतो. विषय माहीत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. उलट विषय फार माहीत असला तरच धोका, कारण मग आपण उताऱ्याऐवजी डोक्यातलं उत्तर लिहितो.

सगळ्यात जास्त चुका 'खरं, खोटं, दिलेलं नाही' या प्रकारात होतात. उतारा विधानाच्या उलट बोलत असेल तर खोटं. उतारा त्याबद्दल काहीच बोलत नसेल तर दिलेलं नाही. समजा उताऱ्यात आहे की पूल पाच वर्षांत बांधला, आणि विधान आहे की पूल ठरल्यापेक्षा उशिरा पूर्ण झाला. किती वर्षं ठरली होती ते उताऱ्यात नाही, म्हणून उत्तर 'दिलेलं नाही'. पाच वर्षं म्हणजे उशीरच, असं मनाने धरायचं नाही.

आयल्ट्समध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी ठेवू नका. पीटीईमध्ये मात्र एकापेक्षा जास्त पर्याय निवडायच्या काही प्रश्नांत चुकीचा पर्याय गुण खातो.

बँड कसा निघतो

लिसनिंग आणि रीडिंगला प्रत्येक बरोबर उत्तराला 1 गुण. साधारणपणे 40 पैकी 23 ला 6 बँड, 30 ला 7 आणि 35 ला 8. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार यात एखाद्या गुणाचा फरक पडतो. म्हणजे 6 आणि 7 मधलं अंतर सात उत्तरांचं आहे. वर सांगितलेल्या स्पेलिंग, अनेकवचन आणि शब्दमर्यादेच्या चुका मोजून पाहा, त्यातलीच चार-पाच उत्तरं परत मिळतात.

एकूण बँड म्हणजे चार विभागांची सरासरी, जवळच्या अर्ध्या बँडला आणलेली. 6.5, 6.5, 6.0, 6.0 यांची सरासरी 6.25, ती वर जाऊन 6.5 होते. 6.5, 6.5, 6.0, 5.5 यांची 6.125, ती खाली येऊन 6.0 होते. एका विभागात अर्धा बँड गेला की एकूण बँडही असा घसरू शकतो.

परीक्षेचा दिवस आणि निकाल

आयल्ट्समध्ये लिसनिंग, रीडिंग आणि लेखन सलग होतं, मध्ये सुट्टी नसते. बोलण्याची परीक्षा त्याच दिवशी किंवा आठवडाभर आधी-नंतर असू शकते. केंद्रावर फोटो काढतात, बोटांचे ठसे घेऊ शकतात. फोन आणि घड्याळ बाहेर ठेवावं लागतं. उशिरा पोचलात तर आत घेत नाहीत.

संगणकावरच्या परीक्षेचा निकाल काही दिवसांत येतो, कागदावरच्या परीक्षेचा 13 दिवसांनी. आयल्ट्सचा निकाल पाच संस्थांपर्यंत विनाशुल्क पाठवता येतो. गुण मान्य नसतील तर परीक्षेच्या तारखेपासून 6 आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते आणि बँड वाढला तर शुल्क परत मिळतं. लेखन आणि बोलण्यासाठी याचा विचार करा. लिसनिंग-रीडिंगची उत्तरं ठरलेल्या किल्लीने तपासलेली असतात, तिथे बदलाची आशा ठेवून आठवडे घालवणं मला पटत नाही.

त्यापेक्षा फक्त एकच विभाग कमी पडला असेल तर 'वन स्किल रीटेक' पाहा. संगणकावर आयल्ट्स दिलेल्यांना अनेक देशांत ही सोय आहे: मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत एकच विभाग पुन्हा देता येतो आणि बाकी तीन विभागांच्या जुन्या गुणांसह नवा निकाल मिळतो. एका परीक्षेमागे एकदाच. मात्र सगळी विद्यापीठं असा निकाल घेत नाहीत, म्हणून शुल्क भरण्याआधी प्रवेश कार्यालयाचा होकार मागा.

चारही परीक्षांचे गुण 2 वर्षं वैध राहतात. काही विद्यापीठं अर्जाच्या दिवशी वैधता मागतात, काही अभ्यासक्रम सुरू होण्याच्या दिवशी. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलणार असाल तर हा फरक आत्ताच विचारून घ्या.