स्कूटर, मोटारसायकल आणि विम्यातला स्त्री-पुरुष फरक

नागपुरात सक्करदऱ्याच्या सिग्नलवर पाच मिनिटं थांबा. बायका-मुली बहुतेक स्कूटरवर दिसतील, मोटारसायकलवर बहुतेक पुरुष. वाहन विम्याच्या दाव्यांमधला स्त्री-पुरुष फरक मोजताना हे दृश्य डोळ्यासमोर ठेवावं, कारण ॲक्च्युअरीच्या (विम्यातली जोखीम मोजणाऱ्या गणितज्ञाच्या) परीक्षेला बसणारी हुशार मुलंही नेमकी इथे फसतात.

आधी भाजक. दाव्यांना पॉलिसींच्या संख्येने नाही, वाहन-वर्षांनी भागायचं; एका गाडीचा विमा पूर्ण वर्षभर चालू असेल तर एक वाहन-वर्ष. १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालेली एक वर्षाची पॉलिसी २०२४ च्या हिशेबात ३० सप्टेंबरपर्यंतच, म्हणजे २७४ दिवस येते. लीप वर्ष, म्हणून भागिले ३६६; उत्तर ०.७४९. सरसकट १ धरलं की दर उगाच कमी दिसतो, आणि ज्या गटात अर्धवट वर्षाच्या पॉलिसी जास्त, त्याचा जास्तच कमी.

नेहमीचं एक गणित असं : पुरुषांचा दर वाहन-वर्षाला ०.०७ दावे, स्त्रियांचा ०.०५, एकत्रित ०.०६५. स्त्रियांचा वाटा किती? (०.०७ − ०.०६५) ÷ (०.०७ − ०.०५) = ०.२५. पण हे २५ टक्के वाहन-वर्षांचे आहेत, दाव्यांचे नव्हेत. दाव्यांतला वाटा हवा असेल तर ०.२५ × ०.०५ ÷ ०.०६५, म्हणजे सुमारे १९.२ टक्के. प्रश्नात कोणता वाटा विचारलाय ते वाचल्याशिवाय पेन उचलू नये.

आता खरी मेख. सरावासाठी हे आकडे घ्या. पुरुष : मोटारसायकलची ८,००० वाहन-वर्षं, ६४० दावे; स्कूटरची २,०००, दावे ८०. स्त्रिया : मोटारसायकलची ५००, दावे ४०, स्कूटरची ४,५००, दावे १८०. बेरीज केली तर पुरुषांचा दर ७.२ टक्के, स्त्रियांचा ४.४. फरक डोळ्यात भरतो. पण गाडीनुसार वेगळं काढा : मोटारसायकलवर दोघांचाही ८ टक्के, स्कूटरवर दोघांचाही ४! सगळा फरक गाडीचा निघाला. म्हणून लिंग एकटं कधीच तपासू नये. गाडी, वय, विभाग सोबत हवेत. मोठ्या आकडेवारीत हे काम पॉयसाँ प्रतिमानाने (घटनांच्या संख्येसाठीच्या संख्याशास्त्रीय प्रतिमानाने) होतं, त्यात वाहन-वर्षांचा लॉगरिदम ऑफसेट म्हणून, म्हणजे गुणक १ ठरवून, द्यायचा. तो विसरला की प्रतिमान दर न मोजता नुसती दाव्यांची संख्या मोजत बसतं.

स्त्रियांच्या मोटारसायकलवरच्या त्या ४० दाव्यांवर फार भिस्त ठेवू नका. ४० चं वर्गमूळ सुमारे ६.३, आकडा त्याच्या साधारण दुप्पट इकडे-तिकडे होऊ शकतो, त्यामुळे ९५ टक्के खात्रीची मर्यादा साधारण २८ ते ५२ दावे, म्हणजे दर ५.५ पासून १०.५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो.

युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या २०११ च्या निकालामुळे २१ डिसेंबर २०१२ पासून तिथल्या नव्या पॉलिसींचा हप्ता लिंगावरून ठरवता येत नाही. आपल्याकडे पेट्रोल दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता सीसीवर ठरतो.

शेवटी तो लिंगाचा रकाना. कंपनीच्या नावावरच्या गाडीला लिंग नसतं. तिची ओळ वेगळी ठेवा, पुरुषांत ढकलू नका. आणि एमएच ३१ पाटीची स्कूटर आरसीवर आईच्या नावाने असली, तरी ती रोज कॉलेजला नेणारा मुलगा असू शकतो. रकान्यात मात्र स्त्री.