हीटरलाही धाप लागते

लेहच्या वाटेवर हिमाचलमधल्या जिस्पाला रात्री साडेनऊच्या सुमारास आमचा गॅस हीटर चौथ्यांदा बंद पडला तेव्हा साडू म्हणाले, "अरे, यालापण डायमॉक्स देऊया का अर्धी?" डायमॉक्स म्हणजे हाइट लागू नये म्हणून घेतात ती गोळी. मी हसण्याच्या मूडमध्ये अजिबात नव्हतो. बाहेर शून्याच्या आसपास, आत आम्ही दोघं कानटोप्या घालून, आणि समोर हा हीटर, जो निघायच्या आधी कोथरूडला पार्किंगमध्ये दोन तास मस्त जळला होता. दुसऱ्या दिवशी रेंज आल्याबरोबर मी दुकानदाराला फोन लावून जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुण्यात आल्यावर निवांत वाचत बसलो तेव्हा कळलं की साडूंचं निदान शंभर टक्के बरोबर होतं, हीटर बिघडलाच नव्हता, त्याला विरळ हवा लागली होती.

झालं असं की लॉकडाऊननंतर आम्ही दोघांनी मिळून भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडून छोटा ट्रेलर बनवून घेतला, आठ फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट उंच, आत फक्त झोपायची जागा आणि मागे डिकीसारखं दार उघडून किचन. कोकणात, भंडारदऱ्याला वगैरे भरपूर फिरवला. मग डोक्यात लडाख आलं आणि त्याबरोबर हीटर.

आता ज्याला विचारावं तो एकच प्रश्न करतो, किती किलोवॉट? तर हा आकडा आधी उरकून टाकू कारण तो वाटतो तेवढा मोठा नाही. आमच्या डब्याची सगळी बाजू मिळून साधारण सतरा चौरस मीटर भरते. बाहेर उणे १० आणि आत १५ हवं असेल, तर नुसत्या प्लाय आणि पत्र्यातून ताशी दीड-पावणेदोन युनिट, म्हणजे तेवढेच किलोवॉट, उष्णता बाहेर पळते. त्याच भिंतींना आतून इंचभर एक्सपीएसची शीट चिकटवली, तीच ती निळी-गुलाबी फोमची पाटी, की तीच गळती जेमतेम अर्ध्या युनिटवर येते. हवा खेळती ठेवायला झरोका उघडा ठेवला तर त्याचे अजून शंभर-दीडशे वॉट धरा, आणि झोपलेल्या दोन माणसांच्या अंगाचीच दीडशेक वॉट ऊब असते ती वजा करा. म्हणजे निम्मा हीटर हा खरं तर बोहरी आळीत फोम आणि ॲल्युमिनियम टेपच्या रूपात मिळतो. आम्ही तो आधी घेतला नाही, हा आमचा पहिला गाढवपणा.

इलेक्ट्रिक हीटरचा विषय दोन ओळींत संपतो. घरातला २ किलोवॉटचा ब्लोअर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा तर १६७ अँपिअर ओढेल, आणि शंभर एएचची बॅटरी पस्तीस-छत्तीस मिनिटांत झोपेल. कॅम्पसाइटला लाइटचा पॉइंट असेल तर गोष्ट वेगळी, पण लडाखमधल्या पांगला कुठला पॉइंट.

तर मग राहतं काहीतरी जाळणं, आणि जाळायचं म्हटलं की हवा आली.

समुद्रसपाटीचा हवेचा दाब १०० धरला तर पुण्यात तो साधारण ९३-९४ असतो, जिस्पाला म्हणजे ३२०० मीटरवर ६७-६८, आणि हानलेला जिथे आपली २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे तिथे ४५०० मीटरवर ५७. (दाब म्हटलं की मला शिवाजीनगरचं शिमला ऑफिस आठवतं, हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे आलं म्हणून ते नाव, म्हणजे ती मंडळी डोंगर उतरून आपल्याकडे आली आणि आम्ही येडे उलटे वर चाललो.) ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, इथे लोक हमखास गोंधळतात, पण एका फुफ्फुसभर हवेत हवाच कमी असते. जिस्पाच्या एका श्वासात जेवढा ऑक्सिजन मिळतो तेवढा इथे खाली १४ टक्के ऑक्सिजनवाल्या हवेत मिळेल.

आणि आमच्या हीटरमध्ये होता एक सेफ्टी सेन्सर. घरातल्या गॅस हीटरमध्ये असतो तसाच, खोलीतला ऑक्सिजन साधारण १८ टक्क्यांवर आला की गॅस बंद करणारा. त्याची रचना इतकी साधी आहे की बघून मी खूश झालो. आत कुठलीही चिप नाही. एक बारीक पायलट ज्योत असते, तिचं टोक थर्मोकपल नावाच्या, दोन वेगळे धातू जोडलेल्या कांडीला चाटत असतं, कांडी तापली की तिच्यातून वीसेक मिलिव्होल्टची वीज निघते आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत जेटवरून उचलली जाते, हवा शोधत लांब आणि डुलती होते, कांडीपासून सरकते, कांडी गार, व्हॉल्व्ह खट्. आम्ही त्या रात्री टॉर्च लावून हे डोळ्यांनी बघितलं होतं, निळी टोकदार ज्योत हळूहळू पिवळट होऊन बाजूला झुकायची आणि मग तो खट् आवाज, फक्त त्याचा अर्थ कळत नव्हता. अशा बऱ्याच हीटरांच्या मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की सात हजार फुटांच्या वर बंद पडू शकतो. आमच्याही होतं, पान चौदा.

इथे कुणीतरी म्हणणार, मग तो सेन्सर बायपास करून टाका, नाना पेठेत कुणीही करून देईल. नाही. सेन्सर फुकट बडबड करत नव्हता, आगीला खरंच हवा कमी पडत होती. उंचीवर गॅस थोडा कमी येतो पण हवा त्याहून जास्त कमी होते, म्हणून गॅसच्या उपकरणांची ताकद दर ३०० मीटरला साधारण ४ टक्क्यांनी कमी धरायचा जुना नियम आहे. तसं केलं नाही की अर्धवट ज्वलन, आणि अर्धवट ज्वलन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

या वायूबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण डोंगरात तो वेगळ्याच तऱ्हेने फसवतो. रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. लक्षणं काय, तर डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं, झोप येणं. आता हीच यादी ३५०० मीटरवरच्या लेहमध्ये कुठल्याही नवख्या टुरिस्टला विचारा, तो म्हणेल हो हे तर मला काल रात्रीपासून होतंय, हाइट लागलीये. म्हणजे बंद डब्यात शेगडी किंवा हीटर लावून डोकं दुखायला लागलं तर माणूस दोष उंचीला देतो, पांघरूण ओढतो आणि झोपतो. बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर डोकं लगेच हलकं झालं तर संशय हीटरवर घ्या, पण हे सुचायला डोकं जागेवर असावं लागतं. त्यात कोविडपासून प्रत्येक पुणेकराच्या कपाटात एक ऑक्सिमीटर आहे आणि आम्हीपण तो घेऊन गेलो होतो. त्याला हा फरक कळतच नाही! बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर रक्ताचा लालपणा बघतो, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही लालच दिसतं, त्यामुळे माणूस गुदमरत असला तरी आकडा छान दाखवू शकतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपलेली माणसं उत्तरेत दर हिवाळ्यात जातात ती अशीच.

लष्करालाही हा त्रास आहेच. डीआरडीओच्या डिपास या प्रयोगशाळेने लडाख-सियाचिनच्या जवानांसाठी हिमतापक नावाची सुधारित बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, बनवली, २०२१ च्या जानेवारीत त्याच्या बातम्या होत्या, आणि त्यात भर होता तो भडका उलटा येणं आणि कार्बन मोनॉक्साइडने जीव जाणं टाळण्यावर.

गॅसची अजून एक गंमत म्हणजे सिलिंडर. आपल्या घरगुती गॅसमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन दोन्ही असतात. प्रोपेन उणे ४२ ला उकळतो, त्याला थंडीचं काही नाही, पण ब्युटेन उणे अर्धा अंशाला, म्हणजे कडक थंडीत तो सिलिंडरमध्ये पाण्यासारखा पडून राहतो. आधी प्रोपेन उडून जातो, मग पहाटे चारला सिलिंडर हलवला तर आत डुचमळतंय पण शेगडी पेटत नाही. शिवाय गॅस उडताना उरलेल्या द्रवाची उष्णता घेऊन जातो, त्यामुळे आमच्या ५ किलोच्या सिलिंडरवर खालून हातभर बर्फाचा पांढरा पट्टा आला होता. आणि एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाण्याची वाफ होते. ती जाते कुठे? छताला लागते, गोठते, आणि सकाळी सूर्य आला की तुमच्या कपाळावर टपकते.

म्हणून या वर्षी डिझेलचा हीटर घेतला, ट्रक-टेम्पोच्या केबिनला लावतात तो. यात मला पटलेली गोष्ट एकच, आणि तीच मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगतो: याची आग बाहेरची हवा घेते आणि धूर बाहेर सोडते. आतली हवा पंख्याने गरम धातूच्या पात्यांवरून फक्त फिरवली जाते, तिचा आणि ज्योतीचा संबंध येत नाही. गॅसवरचेही असे बंद कोठीचे हीटर मिळतात आणि तेही चालतील, पण उघडी ज्योत झोपायच्या डब्यात नको, कितीही स्वस्त पडू दे.

धाप मात्र यालाही लागते. याचा छोटा पंप टिक् टिक् करत प्रत्येक टिकेला ठरलेले थेंब डिझेल सोडतो, मोजून, मग तुम्ही चाकणला असा नाहीतर लडाखच्या चांग ला खिंडीत. पंखाही दर फेऱ्याला तेवढीच हवा ओढतो, पण वर त्या हवेत दम नसतो. डिझेल तेवढंच, हवा निम्मी, परिणाम काजळी. दोन-तीन रात्रींत ग्लो प्लगची, म्हणजे डिझेल पेटवणाऱ्या तापत्या कांडीची, जाळी बुजते, सुरू करताना पांढरा धूर निघतो आणि मग पेटतच नाही. चांगल्या हीटरमध्ये दाबाचा सेन्सर असतो, तो हवा बघून पंपाची टिकटिक मंदावतो. स्वस्तातल्यांमध्ये नसतो किंवा नावाला असतो, तिथे सेटिंगमध्ये जाऊन पंपाचा वेग हाताने कमी आणि पंख्याचा जास्त करावा लागतो. घेताना किलोवॉटच्या आधी हे विचारा. कमी डिझेल म्हणजे कमी ऊब, म्हणजे २ किलोवॉटचा हीटर हानलेला सव्वा-दीडच देईल, पण फोम लावला असेल तर आपल्याला तेवढाही जास्तच होतो.

दुकानदार ५ किलोवॉटवाला गळ्यात मारतात, "साहेब, पाचशे रुपयांचा फरक आहे." घेऊ नका. एवढ्याशा डब्यात तो रात्रभर सगळ्यात मंद आचेवर चालणार आणि मंद आचेवरच काजळी सगळ्यात जास्त धरते. छोटा हीटर जोरात चाललेला बरा.

खर्च म्हणाल तर मंद आचेवर तासाला दहावा भाग लिटर डिझेल, रात्रीला लिटरभर. पेटताना हीटर बॅटरीतून दोन-तीन मिनिटं आठ-दहा अँपिअर घेतो, मग एक-दोनवर येतो. फक्त बंद करताना मेन स्विच उडवायचा नाही, तो पंखा फिरवून स्वतःला गार करतो तेवढं करू द्यायचं. डिझेल मात्र पुण्याहून भरून नेऊ नका, कडाक्याच्या थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये खास लडाखच्या हिवाळ्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलं ते याचसाठी.

धुराचा पाइप ट्रेलरच्या खालून एका बाजूला काढलाय, हवेचा दुसऱ्या बाजूला, झरोका तिसऱ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीवर आहे, ३०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग झाले की, तीन मिनिटांच्या आत वाजणारा. तो बायकोने लावायला लावला. त्याआधी, तिच्या भाषेत, "तुम्ही दोघं कुठेही जायचं नाही."

जुना गॅस हीटर विकायचा होता म्हणून परवा टेरेसवर पेटवून बघितला. पहिल्याच काडीत पेटला आणि तासभर निळा जळत राहिला. दुकानदाराला सॉरीचा फोन अजून करायचाय.