रुबाब की मारामारी? दोन गिनी पिगची पहिली गाठ

दोन अनोळखी गिनी पिग समोरासमोर आणले की पहिल्या काही मिनिटांतच पाळणाऱ्याचा धीर सुटतो. एक दुसऱ्याच्या मागे धावतो, अंगावर चढतो, घुरघुरतो, दुसरा किंचाळतो. आपण घाबरून दोघांना उचलतो आणि ‘यांचं जमणार नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतो. हा निकाल बऱ्याचदा घाईचा असतो. कळपात राहणारा हा प्राणी, वरचढ कोण हे ठरल्याशिवाय त्याला स्वस्थता नसते. तो जे करतो ते मानपान ठरवणं असतं. खरी मारामारी दिसायला वेगळी असते, आणि तिची सुरुवात तर पुष्कळदा गोंगाटाशिवायच होते.

रुबाब करणारा गिनी पिग घशातून खोल, थरथरता आवाज काढतो आणि कंबर डावी-उजवीकडे झुलवत, एकेक पाय सावकाश टाकत दुसऱ्याभोवती फिरतो. जवळून पाहिलंत तर त्या आवाजासोबत त्याचं मागचं अंगही थरथरताना दिसेल. मध्येच बूड जमिनीला घासून तो आपला वास सोडतो. लगट नको असलेली मादी मागे मूत्राची पिचकारी मारते. पाठलाग, हुंगणं, अंगावर चढणं हे सगळं यातच आलं. मादीही मादीवर चढते, त्यात वावगं काही नाही.

चिडलेल्या गिनी पिगचं अंग झुलत नाही, ताठरतं. मानेवरचे केस उभे राहतात, दातांचा कोरडा, भरभर कटकट आवाज येतो. जांभई दिल्यासारखं तोंड उघडून तो पुढचे दात दाखवतो. ती झोप नव्हे, धमकी असते.

पण नुसता दातांचा आवाज ऐकून हात घालू नका. ‘जवळ येऊ नकोस’ एवढंच सांगायलाही ते दात वाजवतात. माझ्या मते बघायचं ते दुसऱ्याकडे. पहिला काय करतोय यापेक्षा दुसरा काय उत्तर देतोय, यावर सगळं ठरतं. तो किंचाळून बाजूला झाला, मान खाली घातली, पळाला आणि थोड्या वेळाने गवत खायला लागला, तर त्याने माघार घेतली आणि वाद मिटला. त्या किंचाळण्यात वेदनेपेक्षा तक्रारच जास्त असते. दोघंही नाक वर, आणखी वर करत एकमेकांसमोर थिजून उभे राहिले आणि कुणीच मान खाली घेईना, तर मात्र सावध व्हा. यानंतर ते एकमेकांवर झेप घेतात आणि एकमेकांत गुंतलेला गोळा होऊन लोळू लागतात. चावताना चार केस उपटले गेले तर चालतं. रक्त आलं की गाठभेट तिथेच थांबवायची.

रुबाबात आपण मधे पडायचं नाही. दर पाठलागाला वेगळं केलंत तर दर वेळी सगळं पहिल्यापासून सुरू होतं आणि दोघंही जास्तच पेटतात. मारामारीत मात्र लगेच सोडवायचं, पण उघड्या हातांनी नाही, दात खोल रुततात. जाड टॉवेल टाका किंवा मधे पुठ्ठा सरकवा. मग केस बाजूला करून जखमा शोधा. केसांखाली लपलेल्या चाव्यात पू धरतो, तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवलेलं बरं. अशा जोडीला जाळीच्या दोन बाजूंना ठेवा, म्हणजे सोबत तुटत नाही. ही सोबत त्यांची खरीच गरज आहे: स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 पासून एकटा गिनी पिग पाळायला कायद्यानेच मनाई आहे.

रुबाबाचं रूपांतर मारामारीत होणं बरंचसं जागेवर अवलंबून असतं. नव्याला जुन्याच्या पिंजऱ्यात सोडणं ही सरळ आगळीक. दोघांनाही परकी, ऐसपैस जागा घ्या, गवताचे दोन-तीन ढीग ठेवा, आणि एकच दार असलेलं घरकुल ठेवू नका, आत कोंडला गेलेला चावतोच.

त्याआधी नव्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून सर्दी, खरूज, बुरशी नाही ना हे बघा. नर-मादीची खात्री डॉक्टरांकडूनच करून घ्या: तीन आठवड्यांचा नरही पिलं देऊ शकतो. नसबंदी केलेला नर आणि माद्या हे सहसा उत्तम जमतं, फक्त नसबंदीनंतर सुमारे सहा आठवडे त्याला माद्यांपासून लांब ठेवावं लागतं. दोन नर ठेवायचे तर आसपास मादी नको. गुण्यागोविंदाने राहणारे नरही वयात येताना बिनसतात. माद्यांचा माज 15 ते 17 दिवसांनी येतो, तेव्हा एखादा दिवस पुन्हा घुरघुर आणि पाठलाग चालेल. त्याने घाबरून जोडी फोडू नका.

एक त्रास मात्र असा असतो की तो या दोन्हींत बसत नाही. आवाज नाही, रक्त नाही, फक्त एक जण दुसऱ्याला गवताजवळ आणि पाण्याजवळ फिरकू देत नाही. म्हणून दोन्ही वस्तू दोन-दोन ठिकाणी ठेवा आणि सुरुवातीला दोघांचं वजन दर दोन-तीन दिवसांनी करा. दबलेल्याचं वजन सारखं उतरत असेल, तर पिंजऱ्यात कितीही शांतता दिसो, त्यांना वेगळं करा.